१८४७ चा जन्मदाखला आणि वडिलांचा कोरा रकाना : नॉरफोकमधील एका अनौरस जन्माचा शोध

प्रश्न

नमस्कार. माझे माहेर साताऱ्याचे असून गेली सोळा वर्षे मी इंग्लंडमध्ये राहते. माझ्या यजमानांचे घराणे पूर्वापार नॉरफोक काउंटीतले, शेतमजुरी करणारे. गेल्या वर्षी सासरे वारले आणि त्यांच्या कपाटात जुन्या कागदांची एक पत्र्याची पेटी निघाली. माझ्या माहेरी छापील कुलवृत्तान्त आहे, तशी या घराण्याचीही वंशावळ मुलांसाठी लिहून ठेवावी, असे सासूबाईंच्या आणि माझ्या मनात आले आणि आम्ही दोघी ते कागद लावायला बसलो. चार पिढ्या बिनचूक लागल्या. पाचव्या पिढीवर, म्हणजे यजमानांच्या खापरपणजोबांपाशी, आमचे काम अडले आहे.

त्यांचा जन्म मार्च १८४७ चा. दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून ग्रेसेनहॉल येथील युनियन वर्कहाऊस, म्हणजे अनेक गावांच्या संघाने (युनियनने) चालवलेले गरिबांचे आश्रयगृह, लिहिले आहे, आईचे नाव आहे, आणि वडिलांचे नाव व व्यवसाय या दोन्ही रकान्यांत केवळ आडवी रेघ आहे. पुढच्याच महिन्यात गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. तेथे पाद्र्याने आईच्या नावापुढे 'सिंगल वुमन' एवढेच लिहिले आहे. मुलाला मात्र एक मधले नाव दिले आहे आणि ते कोणाचे तरी आडनाव असावे असे दिसते. १८५१ च्या जनगणनेत चार वर्षांचा हा मुलगा आजी-आजोबांच्या घरी आहे, पण त्याचे नाते 'नातू' असे न लिहिता 'मुलगा' असे लिहिले आहे. आजीचे वय तेव्हा एक्कावन्न होते. आईने १८५५ मध्ये शेजारच्या गावातील एका विधुर मजुराशी लग्न केले. त्या लग्नाच्या नोंदवहीचे छायाचित्र आम्ही मिळवले असून त्यात सहीच्या जागी तिची फुली आहे, आणि फुलीच्या शेवटी टाक थांबल्यामुळे शाईचा एक मोठा थेंब पडला आहे. या घराण्यातील तिच्या हातची म्हणावी अशी खूण तेवढीच. मुलगा १८६१ मध्येही आजोबांकडेच आहे, वय चौदा, काम शेतमजुरी. १८७० मध्ये त्याचे लग्न झाले तेव्हा दाखल्यावर वडिलांचे नाव म्हणून चक्क आजोबांचे नाव लागले आहे.

माझे प्रश्न असे. या मुलाचे वडील कोण होते, हे आज कळण्यासारखे आहे का, आणि त्यासाठी कोणते कागद पाहावेत? आई-वडिलांचे घर गावातच असताना ही मुलगी बाळंतपणासाठी वर्कहाऊसमध्ये का गेली? घरातील एका वडीलधाऱ्या नातलगांचे ठाम मत आहे की तिच्या वागण्यामुळे घरच्यांनीच तिला बाहेर काढले असणार, आणि हे प्रकरण वंशावळीत लिहूच नये. सासूबाई ते ऐकून गप्प बसतात, पण कागद परत पेटीत ठेवायला त्या तयार नाहीत.


पहिले उत्तर, लेस्टरहून

ताई, आपण कागद तारखांसह नीट मांडलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी येथील एका दफ्तरखान्यात आठवड्यातून एक दिवस स्वयंसेवक म्हणून जातो, आणि अनुभवावरून सांगतो की अशा शोधात व्यक्तीच्या आधी जन्माचे साल पाहावे. अनौरस मुलाच्या पोषणाचा भार कोणावर, याचे नियम एकोणिसाव्या शतकात तीन-चार वेळा पार बदलले, आणि ज्या वेळी जो नियम होता त्या प्रकारचेच कागद निर्माण झाले. जे कागद कधी तयारच झाले नाहीत ते शोधण्यात लोकांची वर्षे जातात.

१८३४ पर्यंत गरिबांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावाची होती. गावातील घरमालक आणि शेतकरी यांच्याकडून पट्टी गोळा करून 'ओव्हरसिअर' नावाचा गावचाच एक कारभारी ती वाटत असे. अनौरस मूल जन्माला आले की खर्च गावावर पडणार, म्हणून गावच बापाला शोधून काढी आणि त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेई. १८३४ च्या नव्या गरीब कायद्याने हे उलटे केले. मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत भार आईवर टाकला गेला; बापाकडून काही वसूल करायचे तर गरीब मंडळाने, म्हणजे युनियनचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने, क्वार्टर सेशन्सच्या मोठ्या न्यायालयात जायचे, आईच्या सांगण्याला दुसऱ्या कोणाच्या साक्षीने दुजोरा मिळवायचा, आणि मिळालेल्या रकमेतील एक पैसाही आईच्या हाती द्यायचा नाही, असा तो नियम होता. अर्थातच फार थोडी प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली.

आपले मूल १८४७ चे, म्हणजे १८४४ च्या कायद्याखालचे. या कायद्याने गरीब मंडळाला बाजूला काढले आणि आईला स्वतःच्या नावाने पोटगी मागण्याचा अधिकार दिला. तिने 'पेटी सेशन्स' या स्थानिक छोट्या न्यायालयात, म्हणजे दोन मॅजिस्ट्रेटांपुढे, अर्ज करायचा. दुजोऱ्याची अट येथेही होतीच. हुकूम झाला तर पहिले सहा आठवडे पाच शिलिंगांपर्यंत आणि पुढे मूल तेरा वर्षांचे होईपर्यंत आठवड्याला जास्तीत जास्त अडीच शिलिंग, शिवाय सुईणीचे दहा शिलिंगांपर्यंत. अर्ज प्रसूतीपूर्वी किंवा जन्मापासून बारा महिन्यांत करावा लागे. बापाने त्या बारा महिन्यांत स्वतःहून काही पैसे दिले असतील तरच पुढे मुभा होती. म्हणून आपण गावच्या चर्चच्या जुन्या पेटीतील हमीपत्रांमागे लागू नका, ती १८४७ साठी सापडणार नाहीत. १८४६ च्या अखेरीपासून मार्च १८४८ पर्यंतच्या पेटी सेशन्सच्या वह्या नॉरिचच्या दफ्तरखान्यात शिल्लक आहेत का ते विचारा. त्या बऱ्याच ठिकाणी नष्ट झाल्या आहेत, पण त्या काळची स्थानिक साप्ताहिके न्यायालयाच्या बातम्या दोन-तीन ओळींत छापत आणि आज ती ऑनलाइन वाचता येतात. मुलीच्या आडनावाने शोधा, पण वर्णलेखन तीन-चार प्रकारे बदलून पाहा.

वर्कहाऊसचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर १८४४ मध्ये गरीब कायदा आयोगाने बाहेरच्या मदतीला मनाई करणारा एक हुकूम काढला आणि तो देशातील बहुतेक ग्रामीण युनियनांना लागू झाला. धडधाकट माणसाला घरबसल्या पैसे किंवा पीठ द्यायचे नाही, मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये या, असा त्याचा अर्थ. विधवांना सवलत होती, पण वैधव्यानंतर अनौरस मूल झालेल्या विधवेला तीही नव्हती. अविवाहित गरोदर मुलीला तर काहीच नव्हते. आता तिच्या घराकडे पाहा. नॉरफोकमध्ये १८५० च्या सुमारास शेतमजुराला आठवड्याला आठ-नऊ शिलिंग मिळत, आणि १८४७ च्या वसंतात तर गव्हाचे भाव कडाडले होते. मुलगी बहुधा एखाद्या शेतकऱ्याच्या घरी राहून चाकरी करत असणार. पोट दिसू लागताच ती चाकरी जाई आणि चाकरीबरोबर राहण्याची जागाही. आई-वडिलांचे घर म्हणजे दोन खोल्यांचे, तेही बहुतेक वेळा मालकाचे. डॉक्टर आणि सुईण फुकट मिळण्याची जागा वर्कहाऊसशिवाय दुसरी नव्हती. बाळ चौथ्या वर्षी आजोबांच्या घरात 'मुलगा' म्हणून नांदते आहे, त्यावरून त्या घराने तिला हाकलले असे मला वाटत नाही. घरच्यांना जे परवडत होते ते त्यांनी केले, आणि बाळंतपण परवडत नव्हते.

एक गोष्ट सांगावी की नाही याचा विचार करत होतो, पण आपण लिहिणारच आहात तर माहीत असावी. ग्रेसेनहॉलच्या त्या लाल विटांच्या इमारतीत अविवाहित मातांना इतर बायकांहून वेगळे दिसावे म्हणून एक जाकीट घालावे लागे, आणि त्यांना 'जॅकेट विमेन' म्हणत. आयोगाने १८३९ मध्येच असा लाजिरवाणा वेगळा पोशाख नापसंत ठरवला होता; ग्रेसेनहॉलमध्ये मात्र ती प्रथा १८६६ पर्यंत चालली. म्हणजे आपल्या खापरपणजोबांच्या आईने ते जाकीट घातले असणार. आज तेथे संग्रहालय आहे.


दुसरे उत्तर, बर्मिंगहॅमहून

वरील उत्तर वाचून, जुन्या कायद्यातले कागद कसे दिसतात ते लिहावेसे वाटले. कारण येथे वाचणाऱ्या अनेकांचे पूर्वज १८३४ च्या आधीचेही असतील आणि फरक समजला तर ताईंच्या प्रश्नालाही उजेड मिळेल.

माझे जावई श्रॉपशरचे. त्यांच्या घराण्यात १८२३ सालचा एक अनौरस जन्म आहे आणि त्याचे कागद श्रूसबरीच्या दफ्तरखान्यात मी स्वतः हाताळले. गरोदर मुलीची मॅजिस्ट्रेटांपुढची शपथेवरची जबानी, त्या माणसाला धरून आणण्याचे वॉरंट, आणि मूल झाल्यावर आठवड्याला किती द्यायचे त्याचा हुकूम. हे तिन्ही कागद छापील नमुने आहेत. "उपरोक्त स्त्री गरोदर असून जन्माला येणारे मूल अनौरस असण्याचा व पॅरिशवर त्याचा भार पडण्याचा संभव आहे" अशा अर्थाचा सगळा मजकूर आधीच छापलेला, आणि मोकळ्या जागांत गावाचे नाव, मुलीचे नाव, पुरुषाचे नाव आणि तारीख तेवढी हाताने भरलेली. तो कागद हातात धरला तेव्हा मला रडू आले, हे मी मोकळेपणाने सांगते. तिच्या आयुष्यातील सर्वांत कठीण दिवसासाठी गावाने गठ्ठ्याने कागद छापून ठेवले होते.

या जबान्यांमागे गावाला मुलीची काळजी होती असे समजू नये. त्या वेळी प्रत्येक गरिबाला कोणत्या तरी एका पॅरिशचा वस्तीहक्क असे, त्याला 'सेटलमेंट' म्हणत. औरस मुलाला तो बापाकडून मिळे, पण अनौरस मूल जेथे जन्मेल ते गाव त्याचे. त्यामुळे दुसऱ्या गावची गरोदर मुलगी आपल्या हद्दीत बाळंत होऊ नये म्हणून कारभारी तिला गाडीत घालून तिच्या गावी पोचवत. १७९५ च्या कायद्याने इतर गरिबांना, ते प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत, असे हलवता येईनासे झाले. पण गरोदर अविवाहित स्त्री मदत मागो वा न मागो, ती गावावर भार आहेच असे त्याच कायद्याने धरले. काही ठिकाणी तर कारभाऱ्यांनी परवान्याचे आणि अंगठीचे पैसे भरून दुसऱ्या गावच्या पुरुषाशी घाईने लग्न लावून दिल्याच्या नोंदी त्यांच्याच हिशेबात आहेत, कारण लग्न होताच बायको आणि मूल नवऱ्याच्या गावचे होत.

एवढे असूनही मी जुन्या व्यवस्थेबद्दल एक चांगली गोष्ट सांगेन. त्या १८२३ च्या मुलाच्या आईला ओव्हरसिअरच्या वहीत आठवड्याला दोन शिलिंग लिहिलेले आहेत, आणि बापाने हप्ता चुकवला तरी गावाने ते चुकवलेले नाहीत. मध्येच "मुलाला बूट" अशी एक ओळ आहे. वर्षभराने "सदऱ्याचे कापड". वही लिहिणारा त्या मुलाला ओळखत होता, ते शब्दांवरून कळते. १८४४ नंतरच्या आईला हुकूम मिळाला तरी वसुली तिची तिलाच करावी लागे, आणि बूट लिहिणारी वही कोणाकडेच नव्हती.

आपल्या नातलगांच्या मताबद्दल एवढेच लिहिते. मोठमोठ्या हवेल्यांची गोष्ट वेगळी, पण मजुरांच्या वस्त्यांत लग्न ठरलेले असताना दिवस जाणे हे सर्रास होते. लग्न ठरे, मग पुरुषाची चाकरी सुटे किंवा घर मिळत नसे, आणि तो दुसऱ्या काउंटीत निघून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये नोंदलेल्या दर शंभर जन्मांत सहा-सात अनौरस होते, आणि नॉरफोक त्यात वरच्या काउंटींपैकी होता. ज्या गावात दर चार-पाच घरांआड असे मूल होते, तेथे एका मुलीला वेगळी काढून बदफैली ठरवणे न्यायाचे नाही.


तिसरे उत्तर, पुण्याहून

मी वंशावळींचा अभ्यासक नाही, वकिली करतो. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

१८३४ च्या कायद्यामागील आयोगाने असा युक्तिवाद केला होता की जुना कायदाच मुलींना मोह घालतो. शपथेवर कोणाचेही नाव घ्यावे, त्याला तुरुंगाची भीती दाखवून लग्न करावे किंवा गावाकडून आठवड्याचे पैसे घ्यावेत. त्यावर उपाय म्हणून संपूर्ण भार स्त्रीवर टाकला, म्हणजे ती सावध राहील, असा हिशेब मांडला गेला. तेव्हाही हे सर्वांना पटले नव्हते. एक्झेटरचे बिशप हेन्री फिलपॉट्स यांनी उमरावांच्या सभागृहात या कलमांना कडाडून विरोध केला. पुढे वेल्समध्ये जे रेबेका दंगे झाले त्यांत टोलनाक्यांबरोबरच या कलमांविरुद्धचाही राग होता, आणि १८४४ ची दुरुस्ती त्यानंतर आली. १८७२ मध्ये पोटगीची कमाल मर्यादा आठवड्याला पाच शिलिंग झाली आणि लवकरच गरीब मंडळांनाही बापाकडून वसुली करण्याचा अधिकार परत मिळाला. म्हणजे हे मूल वाढत असताना कायदा कंजूषच होता.

आपल्या प्रश्नातील एक गाठ मला कायद्यामुळेच सुटते असे वाटते. आईचे १८५५ मध्ये लग्न झाले, तरी मुलगा तिच्याकडे गेला नाही. १८३४ च्या कायद्याप्रमाणे मुले असलेल्या स्त्रीशी जो लग्न करील त्याच्यावर त्या मुलांच्या पोषणाची जबाबदारी येई, मुले औरस असोत वा अनौरस, सोळा वर्षांची होईपर्यंत. विधुर मजुराची स्वतःची मुले घरात असणार. आठ वर्षांचा मुलगा आजोबांकडेच राहावा, ही त्या लग्नाची न लिहिलेली अट असू शकते. हा माझा तर्क आहे, तो वंशावळीत तर्क म्हणूनच लिहावा.

आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात, पोटगीच्या हक्कासाठी औरस आणि अनौरस अपत्य असा भेद केलेला नाही. ते कलम रोज वापरताना त्यातील 'अनौरस' या एका शब्दामागे किती आया मॅजिस्ट्रेटांपुढे उभ्या राहिल्या असतील, याचा विचार मी आज प्रथमच केला.


चौथे उत्तर, एडिंबराहून

वरील मंडळींनी सांगितलेल्यात मला काही खबरदारीच्या गोष्टी जोडायच्या आहेत.

मधले नाव आडनावासारखे दिसते म्हणून ते बापाचेच, असे लगेच समजू नका. अनेकदा ते असतेच. ज्या बापाचे नाव रकान्यात लिहिता येत नाही त्याचे आडनाव आईने मुलाच्या नावात ठेवले, अशी उदाहरणे भरपूर आहेत. पण आजीचे माहेरचे आडनाव मधले नाव म्हणून देण्याचीही रीत होती. त्यामुळे आधी आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद काढा आणि आजीचे माहेर कोणते ते पाहा. ते पाहिल्याशिवाय गावातील त्या आडनावाच्या पुरुषांची यादी करत बसू नका.

लग्नाच्या दाखल्यावरील आजोबांचे नाव ही लबाडी वाटत असेल तर तीही तशी घेऊ नका. पाद्री विचारी, "वडिलांचे नाव?" आणि तेवीस वर्षांचा तरुण, शेजारी नवरी आणि तिची माणसे उभी असताना, ज्याने त्याला वाढवले त्याचे नाव सांगे. जनगणनेतील 'मुलगा' हा शब्दही तसाच. आजीचे वय एक्कावन्न आणि मुलाचे चार, हे पाहताच अभ्यासकाला शंका येते; पण त्या घरात तो शब्द खोटा नव्हता.

जन्मांची सरकारी नोंद इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत आता आईचे माहेरचे आडनावही शोधता येते, आणि अनौरस जन्म असेल तर तो रकाना सहसा रिकामा असतो. त्याच युनियनच्या हद्दीत, त्याच आडनावाचे, तो रकाना रिकामा असलेले जन्म १८४४ पासून १८५५ पर्यंत तपासा. आईला आणखी एखादे मूल झाले असेल आणि ते लहानपणीच गेले असेल, तर ते असेच सापडेल. अशा मुलांत बालमृत्यूचे प्रमाण औरस मुलांच्या जवळजवळ दुप्पट होते, म्हणून पुढची दोन-तीन वर्षे मृत्यूंच्या सूचीतही पाहा. १८७५ पासून बाप स्वतः आईबरोबर हजर राहून सही करील तरच त्याचे नाव जन्मनोंदीत घालता येऊ लागले. १९०४ नंतर वर्कहाऊसमधील जन्म असला तर दाखल्यावर साधा रस्ता आणि घर क्रमांक लिहिण्याची सूचना निघाली, म्हणजे तो कागद मुलाला जन्मभर बोचू नये. आपल्या मुलाला ती सवलत मिळाली नाही.

डीएनए चाचणीने या पिढीपर्यंत पोचता येते, परंतु तिचा निकाल तुमच्याच घरापुरता राहत नाही. दुसऱ्या एखाद्या घरातील जिवंत माणसांना त्यांच्या पणजोबांविषयी काही नकोसे कळू शकते. सासूबाईंच्या आणि यजमानांच्या भावंडांची संमती घेऊनच ती करावी.

आणखी एक. इंग्लंडच्या कायद्यात नंतर आई-बापांनी लग्न केले तरी आधीचे मूल औरस होत नसे. ते १९२६ च्या कायद्याने, १ जानेवारी १९२७ पासून, आणि तेही जन्माच्या वेळी दोघांपैकी कोणी दुसऱ्याशी विवाहित नसेल तरच, होऊ लागले. येथे स्कॉटलंडमध्ये तसे पूर्वीपासून होत असे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे त्याच प्रकारच्या मुलाचे नशीब किती वेगळे होते, हे मी येथील नोंदींत रोज पाहतो. आपल्या वंशावळीत 'अनौरस' हा शब्द लिहायचा तर तो त्या काळच्या कायद्याचा शब्द म्हणून तळटीपेत लिहा, माणसाच्या नावापुढे लिहू नका.


प्रश्नकर्तीचे उत्तर, सात आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. काय सापडले ते सविस्तर लिहिते.

प्रथम मधल्या नावाचे. एडिंबराच्या दादांनी सावध केले नसते तर मी चुकीच्या वाटेने फार लांब गेले असते. आजी-आजोबांच्या लग्नाची नोंद मिळाली, आणि मुलाचे मधले नाव म्हणजे आजीचे माहेरचे आडनाव निघाले. बापाशी त्याचा काहीही संबंध नाही. म्हणजे बाप्तिस्म्याच्या दिवशी, वर्कहाऊसमधून महिन्याभरापूर्वी जन्मून आलेल्या त्या बाळाला आजीने स्वतःच्या माहेरचे नाव दिले. हे वाचून दाखवले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग त्यांनी तिला टाकले नव्हते." आमचे ते नातलगही त्या दिवशी घरी होते. ते काही बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी नोंदीची प्रत मागून घेतली.

बापाचेही नाव मिळाले. पेटी सेशन्सच्या वह्या हव्या त्या वर्षांच्या नव्हत्या, परंतु मे १८४७ च्या एका स्थानिक साप्ताहिकात आमच्या मुलीचे आडनाव एका अक्षराच्या फरकाने सापडले. बातमी चार ओळींची आहे. ती ज्या शेतावर चाकरीला होती त्याच शेतावर घोड्यांची जोडी हाकणारा गडी, दोघे एकमेकांबरोबर फिरत होते अशी सोबतच्या मोलकरणीची साक्ष, आणि आठवड्याला दीड शिलिंगाचा हुकूम. लेस्टरच्या दादांनी दुजोऱ्याची अट सांगितली नसती तर त्या मोलकरणीच्या साक्षीचे मोल मला कळले नसते. तिने स्वतःची चाकरी धोक्यात घालून मालकाच्या गावात ती दिली असावी. तिचे नाव बातमीत नाही.

सासूबाईंनी लगेच विचारले, त्याने पैसे दिले का? पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत थकबाकीसाठी त्याच्यावर समन्स निघाल्याची आणखी एक ओळ आहे, आणि त्यात तो हजर नव्हता असे म्हटले आहे. हुकूम मोडल्यास जप्ती आणि नंतर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग अशी तरतूद होती. त्याला प्रत्यक्ष काय झाले, याचा कागद आम्हाला मिळाला नाही. १८५१ च्या जनगणनेत त्या नावाचा आणि वयाचा माणूस त्या गावात किंवा आजूबाजूच्या गावांत नाही. आठ-नऊ शिलिंगांच्या मजुरीतून दीड शिलिंग देणे त्यालाही सोपे नव्हते हे मला समजते, तरी 'मुलाला बूट' लिहिणारी ती वही या मुलाच्या वाट्याला आली नाही याचे वाईट वाटते.

सूचीत आणखी एक जन्म सापडला. १८५०, मुलगी, आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना रिकामा, आणि अकरा महिन्यांनी त्याच नावाचा मृत्यू. हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. ती याच आईची आहे का, याची खात्री करण्यासाठी दाखला मागवला आहे.

वंशावळीचे पान आम्ही असे लिहिले आहे. खापरपणजोबांच्या वर त्यांच्या आईचे नाव पूर्ण, एकटे. त्याच्या बाजूला तुटक रेघेने जोडलेले बापाचे नाव आणि खाली "मे १८४७ च्या पोटगी हुकुमानुसार". पुण्याच्या दादांचा तर्क तळटीपेत, तर्क म्हणून. जन्मस्थळ मी आधी केवळ 'ग्रेसेनहॉल' लिहिले होते. सासूबाईंनी पेन मागून घेऊन त्यापुढे 'वर्कहाऊस' हा शब्द स्वतःच्या अक्षरात घातला. त्या लहान मुलीसाठी भावाच्या शेजारी जागा मोकळी ठेवली आहे.